पाईकराव मॅडमची सही

करुणाला पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हणणारा माणूस म्हणजे प्रेमसिंग. वसमतला रेल्वे रुळांच्या पलीकडं पितळेचा एक छोटा कारखाना होता, तिथं तो भट्टी सांभाळायचा. करुणा टायपिस्ट म्हणून कामावर गेली त्या पहिल्याच दिवशी तो ऑफिसच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, पाण्याचा माठ आत हाय. तुमी बाहेरून बाटली नका आणत जाऊ." संध्याकाळी गावी परत आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं. पगार किती, साहेब कसा, काम काय, काही नाही. "अक्का, मला मॅडम म्हणले," म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसत बसली.

आम्ही दोघी वसमतजवळच्या हट्टा गावच्या. आमच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. मी तिच्याहून थोडी मोठी, गावच्या अंगणवाडीत शिकवते. तिचे वडील मुंजाजीकाका गवंडीकाम करायचे आणि आई, जिला सगळी आळी सोजरामाय म्हणते, ती दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. करुणा त्यांची एकुलती एक. बारावी झाल्यावर तिनं हट्टानं वसमतला टायपिंगचा क्लास लावला. रोज सकाळच्या गाडीनं जायची, दुपारी यायची, आणि घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीवर बोटं आपटत सराव करायची. सोजरामाय म्हणायची, "पोरगी पेटी फोडती का काय!" मराठी आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. आमच्या वाड्यातली टायपिंग पास झालेली पहिली मुलगी तीच.

त्यानंतर हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नवे लिपिक, असा आमचा सगळ्यांचा साधा हिशेब. करुणानं दिसेल त्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षेत पास व्हायची, टायपिंगच्या चाचणीत तर तिच्या बोटाला कुणी बोट लावायचं नाही, पण नाव लागायचं ते प्रतीक्षा यादीत. अशी दोन-तीन वर्षं गेली. तेवढ्यात टाइपरायटर जाऊन संगणक आले. तिनं तेही शिकून घेतलं. शेवटी क्लासच्या सरांनीच सांगितलं की शिवहारशेठला ऑफिसात एक मुलगी पाहिजे, विचारून बघ.

शिवहारशेठचा कारखाना म्हणजे एक मोठं पत्र्याचं शेड. विजेच्या बटणात आणि प्लगमध्ये आत जो पितळेचा तुकडा असतो, जिथं वायर कसतात, ते तुकडे तिथं व्हायचे. भंगाराचं पितळ भट्टीत वितळवायचं, त्याच्या कांड्या ओतायच्या आणि मशीनवर कापायच्या. माल नांदेड-औरंगाबादला जायचा. शेठ वाईट माणूस नव्हता. करुणाला त्यानं कधी बोल लावला नाही. तिची जात विचारली नाही. जेवायच्या सुट्टीत तिला ऑफिसातच पंख्याखाली बसून जेवू द्यायचा, आणि घरी काही गोडधोड झालं की तिच्यासाठी डब्यातून पाठवायचा. हे सगळं खरं आहे आणि करुणा आजही ते नाकारत नाही.

२००५ च्या सुमारास मुंबईचा एक व्यापारी शेठकडं आला. तो असले सुटे भाग गोळा करून युरोपात पाठवायचा. त्यानं मोठी ऑर्डर दिली, पण सोबत एक अट सांगितली. तिकडं नवा कायदा येत होता. विजेच्या वस्तूंमध्ये काही विषारी पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चालणार नव्हते. म्हणून प्रत्येक मालाबरोबर दोन कागद लागणार होते. एक, प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल. दुसरा, कारखान्याचं लिहून दिलेलं पत्र, की आमच्या मालात हे पदार्थ नाहीत, आणि जो नमुना तपासला त्याच धातूचा हा माल आहे.

शेठनं करुणाला केबिनमध्ये बोलावलं. "पाईकराव बाई, आपला माल आता समुद्रापार चालला. पण तिकडच्या लोकायची तऱ्हाच येगळी. मालात काय हाय ते इचारत न्हाईत, मालात काय न्हाई ते इचारतेत."

"म्हंजे शेठ?"

"म्हंजे शिसं, पारा, आनखी ते कॅडमियम का काय. ते न्हाई म्हणून लिहून द्यायचं. मालकाची सही चालत न्हाई म्हणे, क्वालिटी बघणाऱ्या माणसाची पाहिजे. तर आजपासून क्वालिटीचं तुमच्याकडं."

ती घाबरली. म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं?"

"अहो, कळायचं ते प्रयोगशाळेला कळतंय. तिथून अहवाल येतो. तुमी फक्त त्याच्यावरून लिहायचं."

त्या आठवड्यात तिनं ते पत्र इंग्रजीत बसवलं. व्यापाऱ्यानं पत्राचा मसुदा पाठवला होता, पण तिनं ते सगळं नीट मांडलं. पदार्थांची नावं एकाखाली एक, समोर मर्यादा, त्यासमोर अहवालातला आकडा, खाली तारीख, आणि अगदी शेवटी तिचं नाव. नावाखाली गुणवत्ता अधिकारी. त्याची एक जादा प्रत काढून तिनं घरी आणली. मुंजाजीकाकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद उजेडाकडं धरला आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठंशी हाय?" तिनं बोट ठेवलं. काकांनी ते बोट तिथून हलू दिलं नाही. म्हणाले, "आनी ही सही तुझी? आनी ही तिकडं साहेब लोक वाचतेत?" मग तो कागद घडी करून त्यांच्या खिशात गेला आणि खिशातून हट्ट्याच्या सगळ्या हॉटेलांमध्ये फिरला. घडीवर फाटेपर्यंत फिरला.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. माल जायचा, कागद जायचे. करुणाला ते शब्द पाठ झाले. अंगणवाडीत खेळण्यातली एखादी बाहुली हातात घेऊन मला म्हणायची, "अक्का, या रंगात शिसं असतं बरं का. लेकरायला तोंडात घालू देऊ नको." मी तिचं ऐकायची. आमच्या गावात असलं सांगणारं दुसरं कोण होतं?

पुढच्या वर्षी अहवालाची मुदत संपली. नवा नमुना पाठवायचा होता. शेठनं कागदात गुंडाळलेली पितळेची एक कांडी तिच्या टेबलावर ठेवली आणि पाकीट करायला सांगितलं. दुपारी ती हात धुवायला मागं गेली तेव्हा प्रेमसिंग भट्टीजवळ बसून भाकर खात होता.

तो म्हणाला, "मॅडम, ती मुंबईला चालली ती कांडी आपली न्हाई."

"आपली न्हाई म्हंजे?"

"मी ओतलीच न्हाई ती. नांदेडच्या दुकानातून आणली. नवी, साफ मालाची. मागच्या वर्षी पण तशीच आणली व्हती." त्यानं हातानं भंगाराच्या ढिगाकडं दाखवलं. "आपल्यात ते जातं. त्यात कायबी येतं. हे पिवळा मुलामा दिलेले चमकनारे नट-बोल्ट बघा. हे भट्टीत पडले का तपकिरी धूर निघतो. तोंडात गोडगोड लागतं अन् रातच्याला थंडी वाजून ताप येतो. धुरावर उतारा म्हणून आमी त्या दिवशी गूळ खातो."

पत्रातलं कॅडमियम असल्याच मुलाम्यात असतं, हे करुणाला ठाऊक होतं. ती सरळ शेठच्या केबिनमध्ये गेली. शेठनं नाकारलं नाही, हे तिला नंतर सारखं आठवायचं. तो म्हणाला, "खरं हाय. पण भंगार सोडून नवा माल घेतला तर भाव परवडत न्हाई, आनी भाव न्हाई परवडला तर ऑर्डर जाती. ऑर्डर गेली तर ही एवढी मान्सं कुठं जातील? दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या. दिवाळीनंतर भंगार बंद."

तिनं सांभाळून घेतलं. पाकिटावर पत्ता तिनंच लिहिला. अहवाल आला, त्यात कॅडमियमपुढं ‘आढळले नाही’ असं छापलेलं होतं. तिनं ते पत्रात उतरवलं आणि सही केली. मला तिनं हे लपवलं नाही. ओट्यावर बसून म्हणाली, "अक्का, मी खोटं न्हाई लिहिलं. तपासणीत आढळलं न्हाई, तेवढंच लिहिलं." मी विचारलं, "पण तो नमुना आन् हा माल एकच, असं बी लिहिलंस ना?" त्यावर ती उठून घरात गेली.

दिवाळी आली आणि गेली. भंगाराचे ट्रक येतच राहिले. २००७ च्या उन्हाळ्यात शेठनं पुन्हा एक गुंडाळलेली कांडी तिच्या टेबलावर ठेवली. या वेळी तिनं ती उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. "शेठ, मला न्हाई जमायचं," म्हणाली. शेठ रागावला नाही. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाला, "तुमची मर्जी, पाईकराव बाई." तिनं कपाटाची किल्ली दिली आणि दुपारच्या गाडीनं घरी आली. तिला नोकरीवर घेताना कुठलं पत्र दिलं नव्हतं, तसं सोडतानाही कुणी काही लिहून दिलं नाही. पगार पाकिटातून हातात मिळायचा. तिनंही काही मागितलं नाही. त्या दिवशी तिला फक्त मोकळं वाटत होतं.

मुंजाजीकाका मात्र बिथरले. "नोकरी सोडनारं आपल्या घरात आजवर कोन झालंय? लोकं लागावी म्हणून मरतेत, आन् ही सोडून येऊन राहिली!" दोन दिवस बाप-लेक बोलले नाहीत. मग करुणानं जुनी पुस्तकं पेटीतून काढली. सकाळी वसमतच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची आणि दुपारनंतर अभ्यास. वय वाढत चाललं होतं. सरकारी जागेची वयोमर्यादा अगदी जवळ आली नव्हती, पण दिसायला लागली होती. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "आधी ऑर्डर हातात येऊ दे."

आणि पुढच्याच वर्षी ती आली. हिंगोलीच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक. प्रतीक्षा यादीत नव्हे, निवड यादीत. तिचं नाव वरच्या पाच-सहांत होतं. त्या दिवशी मुंजाजीकाका हातातली थापी टाकून, सिमेंटच्या हातानंच घरी आले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं त्यांनी मेणबत्ती लावली. पेढे वाटायला ते स्वतः गेले. ज्यांच्या मोऱ्या त्यांनी बांधल्या होत्या त्या सगळ्या घरी गेले. सोजरामायनं करुणासाठी हिंगोलीला नेसायला म्हणून दोन साड्या घेतल्या, एक आकाशी आणि एक मोरपंखी. मोरपंखी मला दाखवताना म्हणाली, "पैल्या दिवशी ही नेसंल."

नियुक्तीच्या आधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. अर्जात विचारतात, तुमच्यावर कुठं गुन्हा दाखल आहे का. करुणानं लिहिलं, नाही. तेही तिच्या समजुतीप्रमाणं खरंच होतं.

काही दिवसांनी ठाण्यातून निरोप आला की मुलीला घेऊन या. काकांना वाटलं नेहमीचंच असेल, सही-बिही लागत असेल. मी पण बरोबर गेले. तिथल्या जमादारांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि दोन कागद शेजारी ठेवले. एक करुणाच्या पडताळणीचा. दुसरा मुंबईच्या एका पोलीस ठाण्याहून आलेला.

"तुमी वसमतला पितळेच्या कारखान्यात व्हता का?"

"व्हते," करुणा म्हणाली.

"क्वालिटीचं काम तुमच्याकडं व्हतं?"

"व्हय."

त्यांनी सगळं सांगितलं. २००७ च्या शेवटी शेठच्या कारखान्यातून एक मोठा माल युरोपात गेला. तिथल्या लोकांनी तो पुन्हा तपासून बघितला. कॅडमियम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. सगळा माल परत आला आणि व्यापाऱ्याचं मोठं नुकसान झालं. त्यानं फिर्याद दिली, की खोटे कागद देऊन फसवणूक केली. फिर्यादीत शेठचं नाव होतं, आणि कागदावर सही करणारी म्हणून करुणा मुंजाजी पाईकराव हिचं.

"पन साहेब, मी तर उन्हाळ्यातच काम सोडलं. त्या टायमाला मी घरी व्हते," ती म्हणाली.

जमादारांनी पत्राची झेरॉक्स तिच्यापुढं सरकवली. तेच पत्र. एकाखाली एक पदार्थ, समोर मर्यादा, समोर आकडा. तारीख डिसेंबरची. खाली तिचं नाव आणि नावावर सही. तिनं कागद हातात घेतला. मग म्हणाली, "सही माझीच हाय. पन मी केली न्हाई."

जमादारांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. चांगला माणूस होता, एक अक्षर इकडं-तिकडं केलं नाही. पण लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा तिची बाजू घेऊन आलेल्या मलासुद्धा ते कसंतरीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वसमतला कारखान्यावर गेलो. पाटी बदललेली होती. धंदा आता शेठच्या सुनेच्या नावावर होता. आत मात्र सगळं तेच, तेच शेड आणि तोच भंगाराचा ढीग. भट्टीवर प्रेमसिंग नव्हता, एक तरुण पोरगा होता. करुणाच्या जुन्या जागेवर वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी संगणकावर बसली होती. नाव रागिणी. करुणानं आपलं नाव सांगताच ती उठून उभी राहिली.

"तुमीच पाईकराव मॅडम? तुमचंच फॉरमॅट वापरतो आमी आजून. लई सुबक हाय."

"सही कुनाची असती आता?"

"आता माझी," रागिणी लाजून म्हणाली.

करुणा तिच्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाली, "करू नको."

मुलीनं केबिनच्या काचेकडं बघितलं. मग म्हणाली, "ताई, माझं पैलंच काम हाय हे." आणि खाली बसून पुन्हा टाईप करायला लागली.

शेठनं आम्हाला चहा मागवला. तो थकलेला दिसत होता. करुणानं विचारल्यावर त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. एकदा सोजरामायच्या दुखण्यात करुणा रजेवर असताना माल निघायचा होता, तेव्हा जुन्या पत्रावरची तिची सही संगणकात घेऊन ठेवली होती. ती गेल्यावरही तीच चालू राहिली. "कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई हो. पोरं कागद काढायची, खाली सही आपोआप यायची. मुद्दाम न्हाई केलं कुनी."

"मग एवढंच लिहून द्या शेठ, का मी उन्हाळ्यात काम सोडलं. तारीख टाकून लिहून द्या. दुसरं काय मागत न्हाई."

"देतो ना. काहून न्हाई देनार? वकिलाला इचारतो अन् देतो."

त्यानंतर करुणा तीनदा गेली. पहिल्यांदा शेठ बाहेरगावी होता. दुसऱ्यांदा तो म्हणाला वकील बाहेरगावी आहे. तिसऱ्यांदा त्यानं खरं सांगितलं. असं लिहून दिलं तर तिच्या माघारी तिची सही त्यानंच वापरली, हे कबूल केल्यासारखं होईल. वकिलानं मनाई केली होती. "पाईकराव बाई, माझ्याबी घरात लेकरं हायेत," म्हणाला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, असं करुणानं सांगितलं. मी म्हटलं, त्या पाण्याचं काय करायचं?

राहिला प्रेमसिंग. ती काम सोडून गेली तो दिवस त्यानं डोळ्यानं बघितला होता. नमुन्याची कांडी कुठून यायची तेही त्यालाच ठाऊक होतं. तो डोंगरकडा गावाजवळच्या एका तांड्यावर राहायचा. चौकशी करत आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा तो लिंबाखाली बाजेवर बसला होता. पहिल्यांदा करुणानं त्याला ओळखलंच नाही. खांदे आत गेलेले, दोन वाक्यं बोलला की दम लागायचा. गुडघे आणि कंबर इतकी दुखायची की उठायला बायकोचा हात लागायचा. भट्टी त्यानं वर्षापूर्वीच सोडली होती.

करुणानं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी गेल्या त्या दिवशी मी फाटकापर्यंत आलो व्हतो. मला याद हाय."

"मग कोर्टात एवढंच सांगा."

तो खोकला. बायकोनं पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "भट्टीवर तो पोरगा बघितला का? खेमा. माझा लेक हाय. माझ्या जागेवर त्यालाच लावलं शेठनं." मग तो पुढं म्हणाला, "मी बोललो तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. मी तर आता बसून. घरात दुसरं कोन कमावून राहिलं?"

करुणानं विचारलं, "तो धूर आजून निघतो का?"

"निघतो की. खेमा बी गूळ खातो."

निघताना प्रेमसिंगनं हात जोडले. ती म्हणाली, "न्हाई प्रेमसिंगभाऊ, हात नका जोडू. तुमी नका येऊ." परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. वसमत जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "त्याचं बराबर हाय, अक्का." माझ्या तोंडात शिवी आली होती, पण ती कुणाला द्यायची तेच कळेना.

मुंबईला ती बापाबरोबर जाऊन आली. जबाब झाला. कोऱ्या कागदांवर तिच्याकडून पुन्हा पुन्हा सह्या करून घेतल्या, पत्रावरच्या सहीशी ताडून बघायला. करुणाला त्याचा मोठा आधार वाटत होता. तिला वाटलं, तज्ज्ञ माणसं आहेत, यंत्रं आहेत, त्यांना कळेल. काही महिन्यांनी निकाल आला. सही जुळते. जुळणारच होती. तिचीच होती ती. झेरॉक्स होऊन, फॅक्स होऊन आलेल्या कागदावर हातानं केलेली कुठली आणि संगणकानं लावलेली कुठली, हे सांगता येत नाही, असं तिनं वसमतला धरलेल्या वकिलांनी समजावलं. मूळ कागद परदेशात कुठंतरी होता. आणि समजा मूळ कागद आला, ती सुटली, तरी त्याआधीच्या पत्रांचं काय? त्यांवर तर तिनं स्वतःच्या हातानं सही केली होती, आणि तेव्हा तिला माहीत होतं. वकिलांपुढं हे तिनंच काढलं. वकील म्हणाले, "हे कुठं बोलू नका." ती म्हणाली, "बोलत न्हाई. पन हाय ना."

हिंगोलीहून पत्र आलं ते फार सभ्य भाषेत होतं. गुन्हा दाखल असल्याचं अर्जात नमूद केलं नव्हतं, त्याबद्दल खुलासा मागितला होता. तिनं खुलासा दिला. सहा पानं, स्वतः टाईप केलेली, एकही खाडाखोड नाही. त्यानंतर आलेल्या पत्रात नियुक्तीचा विचार करता येत नाही असं कळवलं होतं. जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली.

मुंजाजीकाकांनी कामावर जायचा रस्ता बदलला. पेढे दिलेल्या घरांवरून जायला नको म्हणून ते ओढ्याच्या कडेनं लांबून जायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हाय, चालू हाय कागदाचं." करुणावर ते एकदाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. मोरपंखी साडी सोजरामायनं पुढं भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिली.

मध्यंतरी व्यापाऱ्याचं आणि शेठचं मिटलं. नुकसानीचं काय ते आपसात ठरलं आणि नव्या कंपनीच्या नावानं माल पुन्हा जायला लागला. व्यापाऱ्यानं शेठविरुद्धची तक्रार मागं घेतली. त्या बैठकीत करुणाचं नाव काढणारं कुणी नव्हतं. खटल्यात आता तीच उरली. तारीख पडली की ती आणि काका आदल्या दिवशी निघतात. तिकडून पुढची तारीख घेऊन येतात. झेरॉक्सवाल्यानं तिला दुकानातून काढलं नाही. पण पोलीस चौकशीला येऊन गेल्यावर लोक कागद देताना दोनदा बघायला लागले, तेव्हा तीच जायची थांबली.

२०१० च्या हळदीच्या हंगामात ती सोजरामायबरोबर कुरुंद्याला रोजानं गेली. शिजवलेली हळद उन्हात पसरायची, वाळली की उलटवायची, मातीची ढेकळं वेचायची. पुढचं सोजरामायनं मला सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुकादम बायांमध्ये आला आणि म्हणाला, "कुनाला लिहिता येतं का? पोत्यांचं वजन लिहून घ्यायचं हाय. सावलीत बसून काम हाय." सोजरामायनं लगेच लेकीला कोपर मारलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "ही हाय की! टायपिंग पास हाय माझी लेक."

मुकादमानं करुणाकडं बघितलं. करुणानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हातानं हळद पसरत राहिली, आणि म्हणाली, "न्हाई. मला न्हाई येत."

मुकादमानं पलीकडच्या बाईला विचारलं.